आपत्ती येण्याआधीचा निधी: गावाने प्रस्ताव कसा करायचा

पूर ओसरल्यावर काय करायचं हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. तलाठी येतो, पंचनामा होतो, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स द्यायची, मग खात्यात पैसे कधी पडतात याची वाट बघायची. पण पूर यायच्या आधी मोरी मोठी करायला, शाळेत निवाऱ्याची सोय करायला, भोंगा बसवायला सरकार पैसे देतं का, असं विचारलं की बैठकीत सगळे एकमेकांकडे बघतात. देतं. त्याचं दार वेगळं आहे आणि तिथे पंचनामा चालत नाही, प्रस्ताव लागतो.

ग्रामसेवक म्हणून मी नोकरीची बरीच वर्षं काढली. (या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. लोक जुनीच नावं घेतात, मीही घेतो.) असे प्रस्ताव बरेच केले. थोडे मंजूर झाले, जास्त परत आले, आणि शिकलो ते परत आलेल्यांकडून. पहिल्यांदाच निवडून आलेले सरपंच, सदस्य आणि गावातली धडपडी पोरं यांच्यासाठी ते इथे क्रमाने मांडतोय.

पैसा कुठे असतो ते आधी समजून घ्या

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४८ प्रमाणे राज्याने दोन प्रकारचे निधी उभारायचे: एक आपत्ती आल्यावर धावून जाण्यासाठी, दुसरा ती येण्याआधी तिचा फटका कमी करण्यासाठी. पहिल्याला राज्य आपत्ती प्रतिसाद निधी म्हणतात, दुसऱ्याला राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी. ‘सौम्यीकरण’ हा शब्द फक्त शासन निर्णयात जगतो. कार्यालयात सगळे ‘मिटिगेशन’च म्हणतात, तेव्हा विचारताना ‘मिटिगेशनचा प्रस्ताव कोणत्या टेबलला?’ असं विचारा, लगेच समजतं.

कायदा २००५ चा असला तरी या दुसऱ्या पेटीत खरा पैसा यायला पंधरावा वित्त आयोग उजाडावा लागला. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी त्याने सगळ्या राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी रुपये ठरवले आणि वाटणीही घालून दिली. शंभर रुपयांतले ४० मदतीला, ३० पुन्हा उभारणीला, १० तयारी आणि प्रशिक्षणाला, आणि २० सौम्यीकरणाला. महाराष्ट्रासारख्या राज्यात यातला ७५ टक्के भाग केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, म्हणून प्रस्तावात टक्केवारी किंवा शासन निर्णयाचा क्रमांक टाकताना चालू वर्षाचाच टाका. जुना क्रमांक दिसला की लिपिकाला फाइल परत करायला निमित्त मिळतं.

आयोगाने एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, आणि नव्या सरपंचाचा पहिला प्रस्ताव बहुतेक तिथेच आपटतो. हा निधी स्थानिक पातळीवरच्या, लोकांच्या सहभागातून होणाऱ्या कामांसाठी आहे. समुद्राच्या भिंती, नदीचे मोठे बांध, असली अजस्र कामं यातून करायची नाहीत, ती नेहमीच्या विकास योजनांतून मागायची. म्हणजे ‘आमच्या गावाला नदीकाठाने दोन किलोमीटर संरक्षक भिंत द्या’ असा अर्ज इथे घेऊन गेलात तर तो वाचलाही जाणार नाही. लोकप्रतिनिधींना भिंत आवडते कारण ती लांबून दिसते. तुम्ही लहान काम मागा.

आणि हा निधी एकट्यादुकट्याला मिळत नाही. घराची भिंत खचली, गोठा पडला, ही वैयक्तिक मदतीची बाब झाली. सौम्यीकरणाचा प्रस्ताव ग्रामपंचायतीचा किंवा एखाद्या सरकारी विभागाचा असतो. तो तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांकडून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. तिथून मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे आणि शेवटी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य कार्यकारी समितीपुढे. वाट लांब आहे. मधे कुणी ‘दोन टक्के द्या, मिटिगेशनचा निधी आणून देतो’ म्हणत भेटला तर चहा पाजून रवाना करा. या वाटेवर दलालाच्या हातात काहीही नसतं.

पहिलं काम: गावाची आठवण कागदावर आणा

इथे घाई करू नका. पूर्ण एक महिना गेला तरी चालेल.

एक प्रसंग सांगतो. वस्तीकडे जाणारा रस्ता ओढ्यावरून होता आणि तिथे जुनी ह्यूम पाइपची मोरी होती. दर पावसाळ्यात पाणी वरून जायचं. शाखा अभियंता पाहणीला आले ते मे महिन्यात, भर दुपारी. ओढा ठणठणीत कोरडा, मधे शेळ्या बसलेल्या. साहेबांनी बघितलं, वहीत लिहिलं: आणखी एक पाइप टाकला की झालं. काठावरच्या घरातली म्हातारी ओट्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “सायेब, पाणी हितवर येतंय,” आणि ओट्यावरच्या जात्याकडे बोट केलं. “जातं बुडालं त्या साली दोन दिस पोरं वरच्या आळीला व्हती.” साहेबांनी टेप काढला. ओढ्याच्या तळापासून जात्यापर्यंत मोजलं. मग अजून दोन घरांत विचारलं, तिथेही खूण तेवढ्याच उंचीवर निघाली. अंदाजपत्रकात पाइपच्या जागी बॉक्स सेलची, म्हणजे काँक्रीटच्या चौकोनी पेटीसारखी, मोरी आली.

अभियंत्यांच्या भाषेत त्या जात्याची उंची म्हणजे एचएफएल, आतापर्यंतची सर्वोच्च पूर पातळी. मोरी केवढी घ्यायची याचा हिशोब त्या आकड्याशिवाय होत नाही. छोट्या ओढ्यांना तो कुठल्याच सरकारी दप्तरात नसतो, गावाकडेच असतो. कुणाच्या दाराच्या चौकटीवर, देवळाच्या पायरीवर, विहिरीच्या कठड्यावर.

तर एक शंभरपानी वही घ्या. शिवारफेरी काढा, पण फेरी काढणाऱ्यांत गावातल्या सगळ्यात जुन्या तीन-चार माणसांना आणि ओढ्याकाठच्या बायकांना आवर्जून न्या. पाणी घरात शिरलं की भांडी वर उचलणारं माणूस तारीख विसरत नाही. प्रत्येक ठिकाणी एवढं लिहा: कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, पाणी कुठवर, किती तास, काय बंद पडलं (रस्ता, वीज, पाण्याची मोटर, शाळा), कुणाला हलवावं लागलं, गुरं किती गेली. साल आठवत नसेल तर ‘थोरल्याच्या लग्नाच्या वर्षी’ असं सांगतील, तेही लिहून घ्या. वर्ष नंतर काढता येतं. खूण भिंतीवर ऑइलपेंटने पक्की करा, बाजूला साल टाका आणि मोबाइलमध्ये लोकेशनसह फोटो काढा.

मग गावची वही आणि सरकारी नकाशे एकमेकांना लावा. मोठ्या नदीकाठी असाल तर जलसंपदा विभागाकडे पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डोंगरउतारावर गाव असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे आहेत, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात दरडप्रवण गावांची यादी असते. त्या यादीत आपलं नाव आहे का बघा. नसेल तरी निर्धास्त होऊ नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली, आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच नंतर विधिमंडळात सांगितलं. उतारावर नवी भेग, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा नव्या जागी पाझर फुटणं, घराची दारं अडकायला लागणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी तहसीलदारांना लेखी कळवा आणि भूवैज्ञानिकांकडून पाहणीची मागणी करा. पाहणी अहवाल आला की तुमच्या प्रस्तावाला कणा मिळतो.

वीज पडणं, गारपीट, उन्हाळी टंचाई, वणवा, जे तुमच्या गावाचं असेल ते याच वहीत घ्या. सगळ्या गावांना पूरच असतो असं नाही. पूर्व विदर्भ आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत विजेने माणसं आणि गुरं जातात, आणि त्याची नोंद पोलीस पाटलाकडे व्यवस्थित असते. ती मागून घ्या.

कामं छोटी पाडा

वही भरली की बैठक घ्या. बैठकीत पहिल्या अर्ध्या तासात एक मोठी मागणी येईल. ती लिहून घ्या आणि बाजूला ठेवा. मग विचारा: पाणी यायला लागल्यावर पहिल्या दोन तासांत आपल्याला कशाची कमतरता पडली? उत्तरं एकदम वेगळी येतात. कळलंच नाही. रात्र होती, लाइट गेली. म्हाताऱ्या माणसाला उचलून न्यायला काही नव्हतं. शाळेत नेलं पण संडास नव्हता. मोरीवरून ट्रॅक्टर जाईना.

या प्रत्येक वाक्यातून एक काम निघतं. कळलं नाही म्हणजे भोंगा आणि ध्वनिक्षेपक. लाइट गेली म्हणजे शाळा आणि पंचायतीवर सौर दिवे. निवारा म्हणजे शाळेच्या इमारतीला दुरुस्ती, रॅम्प, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी. रस्ता तुटला म्हणजे मोरी. डोंगराकडच्या वस्तीला उताराच्या माथ्यावर पाणी वळवणारा चर आणि पक्कं गटार, कारण मुरणारं पाणी हेच बहुतेक दरडींचं कारण असतं. शेतात काम करणाऱ्यांसाठी वीजरोधक यंत्रणा, आणि तिच्याबरोबर ‘दामिनी’ ॲप प्रत्येक घरातल्या एका मोबाइलवर. हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे, फुकट आहे, त्याला प्रस्ताव लागत नाही.

वस्तूंच्या मागे धावताना एक लक्षात ठेवा. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला सुटकेची बोट उलटली. बोट होती. पण माणसं जास्त चढली होती. म्हणून प्रस्तावात बोट लिहिलीत तर पुढच्याच ओळीत लाइफ जॅकेट, दोर, चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि बोट वर्षभर कुठे राहणार ती शेड लिहा. प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना आहे, त्यात स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण आणि साहित्याचा संच मिळतो. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याकडे गावातल्या पोहणाऱ्या पोरांची नावं देऊन ठेवा. पोरींचीही द्या. त्या वेळी बायकांना बोटीत चढवायला बाईमाणूस असलेलं बरं.

कोणतं काम कोणत्या दारात

सगळी कामं एकाच निधीतून मागणं ही दुसरी नेहमीची चूक. मी कामांची यादी भिंतीवर चिकटवून प्रत्येकापुढे पेन्सिलने दार लिहायचो.

सगळ्यात जवळचं दार तुमच्याच घरात आहे: ग्रामपंचायत विकास आराखडा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ८० टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींना येत आला. त्या काळात यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. ४० टक्के अबंधित. निवाऱ्याच्या शाळेतलं स्वच्छतागृह बंधितमध्ये बसतं. भोंगा, दिवे, गटार अबंधितमध्ये बघता येतात. लहान रकमेच्या कामासाठी मंत्रालयाकडे बघत बसायची गरज नाही. आराखड्याची ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि पुढे तो ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढतो. तिथे ज्या कामाचं नाव नाही त्यावर वर्षभर पैसा टाकता येत नाही, म्हणून ही तारीख चुकवू नका.

माती आणि पाण्याची मजुरीची कामं, म्हणजे नाला खोलीकरण, चर, गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध), झाडं, ही रोजगार हमीतून. २०२५ च्या अखेरीस केंद्राने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. त्यात टोकाच्या हवामानाचा फटका कमी करणाऱ्या कामांचा वेगळा गटच दिला आहे, तो तालुक्याच्या रोहयो शाखेत समजून घ्या.

मोऱ्या, साकव, रस्ते ही जिल्हा वार्षिक योजनेची बाजू. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. इथे आमदारांचं पत्र कामाला येतं, लाजू नका.

या कुठल्याच दारात न बसणारी कामं सौम्यीकरण निधीसाठी ठेवा. किंवा अशी कामं, जी फक्त धोक्यामुळेच करावी लागताहेत. दरडीच्या उताराचं स्थिरीकरण, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, चारपाच गावांनी मिळून एका ओढ्यावर करायची कामं. चारपाच गावांचा एकत्र प्रस्ताव मला नेहमी जड वाटला, वजनाने आणि अर्थानेही. ओढा काही ग्रामपंचायतीची हद्द बघून फुगत नाही, आणि वरच्या गावाने पाणी अडवलं नाही तर खालच्या गावाच्या मोरीला कितीही पैसा घाला.

कोकणातल्या गावांना याशिवाय आणखी दारं आहेत. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम सौम्यीकरण प्रकल्पातून किनाऱ्यावर निवारा केंद्रं आणि अलिबागकडे भूमिगत वीजवाहिन्यांची कामं झाली. नंतर राज्याने कोकणासाठी आपत्ती सौम्यीकरणाचा वेगळा कार्यक्रम घेतला. तुमचं गाव अशा एखाद्या प्रकल्पाच्या यादीत आधीच असेल, तर नव्या प्रस्तावापेक्षा त्या यादीतल्या कामाचा पाठपुरावा करणं शहाणपणाचं.

जमीन वनविभागाची असेल तर लोक हातपाय गाळतात. वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) वाचा. गावाच्या १३ प्रकारच्या सोयींसाठी, त्यात रस्ते, छोटे जलसाठे, पाणीपुरवठा, समाजमंदिर आलं, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत. हा निर्णय जिल्ह्यातच होतो.

ग्रामसभेचा ठराव

गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. त्याआधी महिलांची सभा घ्या आणि तिचा ठराव वेगळा जोडा. बरेच जण हे उरकून टाकतात. मला तो ठराव जोडलेला प्रस्ताव टेबलावर जास्त वेळ टिकलेला दिसला आहे.

ठरावात ‘गावाच्या विकासासाठी निधी मिळावा’ असलं मोघम काही नको. असा लिहा:

“विषय क्र. ४. मौजे (गाव) येथील गावठाण ते (वस्ती) रस्त्यावरील ओढ्यावर बॉक्स सेल मोरी बांधणे. ठराव: सदर ठिकाणची मोरी अपुरी असल्याने सन (वर्षे) च्या पावसाळ्यात वस्तीचा संपर्क अनुक्रमे (इतके) तास तुटला. सर्वोच्च पूर पातळीची नोंद सोबत जोडली आहे. सदर काम यापूर्वी कोणत्याही योजनेतून मंजूर अथवा पूर्ण झालेले नाही. या कामास राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी, जिल्हा वार्षिक योजना अथवा अन्य उपलब्ध लेखाशीर्षातून निधी मिळणेस ही सभा मान्यता देत आहे. काम पूर्ण झालेनंतर देखभाल दुरुस्तीची जबाबदारी ग्रामपंचायत स्वीकारत आहे. सूचक, अनुमोदक. सर्वानुमते मंजूर.”

‘अथवा अन्य उपलब्ध लेखाशीर्षातून’ हे चार शब्द गाळू नका. एका दारात नाही म्हटलं तर तोच ठराव दुसऱ्या दारात चालतो, नाहीतर पुढच्या ग्रामसभेपर्यंत थांबा. मी एकदा गाळले होते. २ ऑक्टोबर ते २६ जानेवारी थांबलो.

फाइलमध्ये काय असावं

वर एका पानाचं टिपण. साहेब तेवढंच वाचतात, तेव्हा सगळा जीव त्या पानात ओता. धोका काय, किती वेळा आला, किती माणसांना, काम काय, खर्च किती, केलं नाही तर काय. त्यात नुकसानीचा साधा हिशोब घाला. समजा मोरीला २५ लाख लागणार आहेत. गेल्या सहा वर्षांत तीनदा रस्ता तुटला, दर वेळी दूध संकलन दोन दिवस बंद, रस्त्याची दुरुस्ती दर वेळी नव्याने, एकदा बाळंतिणीला खाटेवरून नेलं. दूध आणि दुरुस्तीचे आकडे बेरजेत घ्या. खाटेची गोष्ट आकड्याशिवाय तशीच लिहा. आकडा डेअरीच्या रजिस्टरमधून घ्या, अंदाजाने नको. अंदाजाचा एक आकडा पकडला गेला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

त्याखाली: ग्रामसभेचे ठराव, वहीतल्या नोंदींची स्वच्छ प्रत, खुणांचे फोटो, नकाशा, जागेचा सातबारा किंवा नमुना आठ, बांधकाम उपविभागाचं चालू दरसूचीप्रमाणे (सरकारी दरांच्या यादीप्रमाणे) केलेलं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, काम दुबार नसल्याचा दाखला, आणि देखभाल कोण व कशातून करणार त्याचं पत्र. जागा खाजगी असेल तर साध्या संमतीपत्रावर विसंबू नका. आज हो म्हणणाऱ्याचा भाऊ उद्या मुंबईहून येतो. पक्क्या बांधकामाला नोंदणीकृत बक्षीसपत्रच करून घ्या.

अंदाजपत्रक शिळं होतं. दरसूची बदलली की जुन्या दराची फाइल परत येते, म्हणून अभियंत्यांकडून ते सगळ्यात शेवटी घ्या.

कधी द्यायचं, कसं मागे लागायचं

जूनमध्ये प्रस्ताव देऊ नका. पाऊस सुरू झाला की संपूर्ण महसूल यंत्रणा नियंत्रण कक्षात असते. पावसाळा संपताना, आठवणी ओल्या असताना वही पूर्ण करा, २ ऑक्टोबरच्या सभेत ठराव करा आणि दिवाळीनंतर फाइल पुढे सरकवा. मार्चच्या गर्दीत निधी खर्ची टाकायची घाई असते, तेव्हा तांत्रिक मान्यतेसह तयार असलेली फाइल कधी कधी अचानक उचलली जाते. निवडणुकीची आचारसंहिता मधे येते का तेही बघून ठेवा.

फाइल देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसेल तर फाइल दिलीच नाही असं समजा. एका कार्यालयात माझी फाइल सात महिने ‘वर गेली आहे’ होती. शेवटी माहिती अधिकारात एका ओळीचा अर्ज टाकला: आवक क्रमांक अमुकवर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह प्रत द्यावी. फाइल त्याच खोलीतल्या कपाटावर निघाली, वर गेली होती हे खरंच. पण माहिती अधिकार हे पहिलं हत्यार नव्हे. आधी महिन्यातून एकदा स्वतः जा, टेबलवाल्याचं नाव लक्षात ठेवा, त्रुटी निघाली तर ‘त्रुटी लेखी द्या’ म्हणा आणि आठ दिवसांत पूर्ण करून पुन्हा शिक्का घ्या. तोंडी सांगितलेल्या त्रुटी दर वेळी बदलतात.

नकार आला तर तोही लेखी मागा. ‘सदर काम सौम्यीकरणाच्या व्याख्येत बसत नाही’ एवढं एक वाक्य मिळालं की तेच पत्र जोडून जिल्हा वार्षिक योजनेकडे जाता येतं.

मंजुरी आल्यावर

इथे थोडक्यात, कारण पुढचं तुम्हाला कुणीही सांगेल. प्रशासकीय मान्यतेचा आदेश नीट वाचा, त्यात काम पूर्ण करायची मुदत असते. कामाच्या जागी रक्कम आणि ठेकेदाराच्या नावाचा फलक लावा. पाया भरण्याआधीचा, अर्धवट झालेल्या आणि पूर्ण झालेल्या कामाचा फोटो एकाच कोनातून काढा. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय बिल नाही. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्या. जिचं प्रमाणपत्र थकलं आहे त्या ग्रामपंचायतीची पुढची फाइल आपोआप खाली जाते.

शहरात राहत असाल तर

तुमची वाट महापालिकेतून जाते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. शहरी पुरासाठी पंधराव्या आयोगाने सात शहरांना पैसे ठेवले, त्यात मुंबईला ५०० कोटी आणि पुण्याला २५० कोटी होते. सोसायटीच्या किंवा वस्तीच्या पातळीवर तुम्ही थेट अर्ज करू शकत नाही, पण नाल्याकाठच्या पाण्याच्या खुणा मोजून, तारखांसह क्षेत्रीय कार्यालयात देणं हे गावाइतकंच उपयोगी पडतं. तिथल्या अभियंत्यालाही एचएफएल कुणीतरी द्यावाच लागतो.

आणि एक. फाइलची एक प्रत स्कॅन करून दोन-तीन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा, मूळ कागद पंचायतीच्या वरच्या फळीवर. एका गावात ओढ्याचं पाणी कार्यालयात शिरलं आणि तळच्या कप्प्यातलं दप्तर भिजलं. चिखलातून काढलेल्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली होता तो याच ओढ्याच्या मोरीचा प्रस्ताव. आम्ही तो वाळवला आणि त्याच पानांवर नवी पूर पातळी लिहून पुन्हा पाठवला.